माझं कोरं रजिस्टर

मी वॉर्डात पाऊल टाकलं की नळ सुटायचे. आधी दाराजवळचा, मग ड्रेसिंगच्या खोलीतला, मग डॉक्टरांच्या खोलीतला. जिकडे पाहावं तिकडे साबणाचा फेस, आणि वंदनेला उभं राहावं तशा भक्तिभावानं हात चोळणारी माणसं. मी पाठ फिरवली की नळ बंद. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. माणसाच्या पाठीला डोळे नसतात, आणि मला तर वाटायचं की माझ्यासारखी नजर अख्ख्या रायपुरात कोणाची नाही.

वडील भंडाऱ्याहून रेल्वेत लागले म्हणून आम्ही रायपूरचे झालो, आणि मी इथल्याच एका सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. शेवटची काही वर्षं माझ्याकडे जे काम होतं त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, पेशंटनं घरून एक रोग आणला असेल तर त्याला इथून दुसरा लागू नये, आणि इथं काम करणाऱ्यांनी पेशंटचा रोग आपल्या घरी नेऊ नये, हे पाहायचं. हे काम मला परीक्षा देऊन मिळालं नाही. मेट्रनबाईंनी एक दिवस बोलावलं आणि म्हणाल्या, "मेश्राम, तुम वैसे भी दिन भर सबको टोकती रहती हो. अब सरकारी हुकुम से टोको."

मला तर हे बक्षीसच वाटलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, दवाखान्यात रोग हवेत धुक्यासारखा पसरलेला असतो आणि नर्स त्यात बिचारी जीव मुठीत धरून फिरते. तसं नसतं. रोगाचे यायचे रस्ते ठरलेले असतात. हातावरून, हवेतून, रक्तातून. कोणत्या पेशंटकडून कोणता रस्ता, हे कळलं की निम्मं भय जातं. उरलेल्या निम्म्यासाठी साबण, मास्क, हातमोजे. त्यातल्या हातमोज्यांवर माझा जरा रागच आहे. हातमोजे घातले की काही जणांना अंगात चिलखत घातल्यासारखं वाटतं. त्याच मोज्यानं पट्टी सोडायची, त्याच मोज्यानं पेशंटचा कागद लिहायचा आणि त्याच मोज्यानं मोबाईल कानाला लावून घरी विचारायचं, "सब्जी क्या बनी है?"

डॉक्टर लोकही काही कमी नव्हते. एक सर्जन होते. हाताला गुण होता आणि बोटांत चार अंगठ्या होत्या. गुरू, शनी, मंगळ, आणि चौथा ग्रह कोणता ते मी कधी विचारलं नाही. ऑपरेशनच्या खोलीत ते अंगठ्या काढत, पण वॉर्डात ड्रेसिंग करताना नाही. अंगठीखाली साबण पोचत नाही, जंतू तिथं भाड्यानं खोली घेतल्यासारखे राहतात. मी म्हटलं, "सर, ग्रह काढून ठेवा." ते म्हणाले, "सिस्टर, शनि उतारा और केस बिगड़ा तो ज़िम्मेदारी आपकी." मी म्हटलं, "मंजूर." दुसऱ्या दिवशी बेसिनजवळ मी झाकणाची एक स्टीलची डबी ठेवली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'नवग्रह'. ते वाचून ते इतके हसले की त्यांना अंगठ्या काढाव्याच लागल्या.

टीबीच्या वॉर्डात वेगळीच पंचाईत. तिथं खिडक्या उघड्या ठेवायच्या, वारा आपल्या पाठीकडून पेशंटकडे जाईल असं उभं राहायचं, आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावायचा. रेल्वेतून रिटायर झालेले आमच्याकडचेच, वऱ्हाडी बोलणारे एक काका तिथं भरती होते. दोन दिवस ते माझ्याकडे नुसते पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, खरं सांगा. माझ्या तोंडाचा वास येऊन राहिला का?"

"नाही हो काका. काहून?"

"मंग माझ्याजवळ आल्या की तोंड काहून झाकता? घरी सून बी असंच करून राहिली."

मी मास्क लावूनच त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, तुमच्या खोकल्यातून जंतू हवेत येतात. मले टीबी झाला तर मी आणखी दहा जणांना देईन. म्हणून झाकते, तुमचा राग म्हणून नाही. काकांना ते असं पटलं की पुढं कोणी नर्स मास्क हनुवटीवर लटकवून आली की ते पलंगावर काठी आपटायचे, "पोरी, नाक झाक!" माझ्यापेक्षा त्यांचा धाक जास्त होता.

घरी माझ्या या कामाची थट्टाच चालायची. कोरोनाच्या काळात मी मागच्या अंगणात आंघोळ करून मगच घरात येत असे. त्यानंतर कोरोना ओसरला, पण माझी सवय ओसरली नाही. कडी पूस, बटण पूस, भाजीची पिशवी बाहेर ठेव. मुलगी हिंदीतच उत्तर द्यायची, "मम्मी, ये घर है, वॉर्ड नहीं." आणि आमचे हे, म्हणजे माझे यजमान, पाहुण्यांना दारातच सांगायचे, "आत या, पण कशाले हात लावू नका. आमच्याकडे इन्स्पेक्शन चालू आहे."

मी हसण्यावारी न्यायचे, कारण माझ्याजवळ पुरावा होता. माझं रजिस्टर.

आता थोडं सुईबद्दल सांगते. नर्सला रोगाचा सगळ्यांत मोठा धोका असतो तो वापरलेल्या सुईचा. इंजेक्शन दिल्यावर त्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, हा पहिला नियम. लोकांना नवल वाटतं. उघड्या सुईपेक्षा झाकलेली बरी ना? पण एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, आणि टोपणाचं तोंड केवढंसं. नेम जरासा चुकला की सुई आपल्याच बोटात. म्हणून सुई जागच्या जागी यंत्रात कापायची आणि तुकडा जाड पांढऱ्या डब्यात. फुटकी काच निळ्या डब्यात. रक्ताचा कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. आणि इतकं करूनही टोचलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही, आणि ताबडतोब माझ्याकडे यायचं. मी रजिस्टरात नोंद करणार, पेशंटला विचारून त्याचं रक्त तपासायला पाठवणार, गरज असेल तर औषध सुरू होणार. एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, तीन दिवस उलटले की उपयोग नाही. म्हणून घाई.

हे रजिस्टर कोरं होतं. वर्षानुवर्षं कोरं. तपासणीला येणारे साहेब पानं उलटायचे आणि म्हणायचे, "वाह सिस्टर, एक भी केस नहीं!" मी मान खाली घालून हसायचे, नव्या नवरीसारखी.

अगदीच कोरं नव्हतं म्हणा. पहिल्या पानावर एक नाव होतं. रिंकी साहू म्हणून एक नर्स नवी लागली होती, तिला सुई टोचली आणि ती धावत माझ्याकडे आली. मी काय करायला पाहिजे होतं ते मी आत्ताच वर लिहिलं आहे. मी काय केलं, तर तिला उभं करून पंधरा मिनिटं भाषण दिलं. ट्रेनिंगमध्ये झोपली होतीस का, डोळे कुठं होते, किती वेळा सांगितलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि ती ते दुसऱ्या हातानं झाकत होती. भाषण संपल्यावर मी तिला नळाकडे नेलं. त्या पेशंटच्या रक्तात काही निघालं नाही, रिंकीला काही झालं नाही, आणि त्यानंतर माझ्याकडे कोणी आलं नाही. मला वाटलं, भाषणाचा गुण आला.

मग ती दुपार आली. उन्हाळा होता, दोन नर्सा रजेवर होत्या, म्हणून मी स्वतःच इंजेक्शनं द्यायला उभी राहिले. एक मध्यम वयाचा माणूस तापानं भरती होता. त्याचे नातेवाईक सकाळपासून त्याला दुसऱ्या दवाखान्यात न्यायची घाई करत होते. मी त्याला इंजेक्शन दिलं. सुई काढताना टोकाला रक्ताचा थेंब दिसला. सुई कापायचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं, पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि नातेवाईक कानाशी बोलत होता, "सिस्टर, छुट्टी कब मिलेगी?" मी त्याला उत्तर दिलं, आणि उत्तर देता देता माझ्या हातांनी टोपण उचललं आणि सुईवर बसवायला गेले. आमच्या वेळी ट्रेनिंगमध्ये टोपण लावायलाच शिकवलं होतं. नवा नियम माझ्या जिभेनं पाठ केला होता, हात मात्र जुनेच राहिले होते.

डाव्या हाताच्या अंगठ्यात टच्चकन लागलं.

मी आधी काय पाहिलं असेल? अंगठा नाही. कोणी पाहिलं का, ते पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं.

बेसिनशी जाऊन मी हात धुतला. दाबायचं नाही हे जगाला सांगणारी मी, तो अंगठा दाबून दाबून लाल केला. मग सामानाच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि हातमोज्यांच्या खोक्यावर बसून राहिले. मनात एकच चाललं होतं. सांगितलं तर माझं नाव रजिस्टरात. कारण काय लिहायचं? 'दोन्ही हातांनी टोपण लावत होते.' उद्या हे वाचून पोरी हसतील. नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? बहुतेक वेळा काही होतही नाही. मी स्वतःला तीच कारणं देत होते जी देऊ नका म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते. आणि किती पटत होती मला ती!

शेवटी यजमानांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी उठले. दीड तास गेला होता. बाहेर येऊन पाहते तर त्या माणसाचा पलंग रिकामा. नातेवाईक सही करून त्याला घेऊन गेले होते. कागदावरचा नंबर लावला, तो बंद. आता त्याच्या रक्तात काय होतं हे कधीच कळणार नव्हतं. मी लगेच आले असते तर तो तिथंच पलंगावर होता.

डॉक्टर तिवारी आमचे मेडिसिनचे. त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"सर, सुई चुभी है."

"किसको?"

"मुझे."

"कैसे?"

"ढक्कन लगा रही थी."

त्यांनी चष्मा काढला. "आप?"

एवढंच म्हणाले. मी रिंकीला पंधरा मिनिटं दिली होती, त्यांनी मला एका शब्दात आटोपलं. मग मात्र त्यांनी समजुतीनं सगळं केलं. माझं रक्त घेतलं, कावीळ बी ची लस मी घेतलेली होतीच, आणि पेशंटचं काही कळत नाही म्हटल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या तिथंच सुरू केल्या. अठ्ठावीस दिवस, रोज. पुढं दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तपासणी.

रजिस्टर आणायला मी रिंकीलाच सांगितलं. त्या दिवशी ड्यूटीवर तीच होती. मी दुसऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नियम मोडला.' रिंकीनं ते वाचलं. तिच्या तोंडावर हसू आलं, तिनं ते दाबलं, ते पुन्हा आलं.

"दीदी," ती म्हणाली, "वो पंद्रह मिनट वाला भाषण आप खुद देंगी, कि मैं दे दूँ?"

मी म्हटलं, "दे. तुझा हक आहे."

पण भाषण द्यायच्या ऐवजी ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "दीदी, मुझे उसके बाद दो बार और चुभी है."

"कधी? मंग सांगितलं काहून नाही मले?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. बोलायची गरज नव्हती.

चहाच्या वेळेपर्यंत बातमी दवाखानाभर झाली. पुढच्या चार दिवसांत एकेक जण येऊ लागली. कोणी दुपारी, कोणी ड्यूटी संपवून पर्स खांद्याला लावून. "दीदी, मुझे भी." कोणी बाहेरच्या लॅबमध्ये चोरून तपासण्या केल्या होत्या, कोणी तपासलंच नव्हतं, नुसती काळजी करून दिवस काढले होते. मी त्यांच्या तोंडाकडे न पाहता लिहीत होते. माझ्या कोऱ्या रजिस्टराचं कौतुक करणारे साहेब त्या वेळी समोर असते तर बरं झालं असतं.

घरी मी यजमानांना सांगितलं तेव्हा ते टीव्ही पाहत होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

"तुले काही होईल का?"

"बहुतेक नाही. गोळ्या सुरू केल्या."

ते म्हणाले, "रोज कितीले घ्यायच्या? मी देत जातो." आणि उठता उठता म्हणाले, "हात धुऊनच देईन, काळजी करू नको." त्या गोळ्यांनी मळमळायचं, जेवण जायचं नाही. अठ्ठावीस दिवस हा माणूस एका हातात पाणी आणि एका हातात गोळी घेऊन समोर उभा राहायचा, आणि मी गिळली की म्हणायचा, "तोंड उघडून दाखव."

पाचव्या दिवशी सुखमती आली. ती आमच्या वॉर्डात झाडू-पोछा करायची, कचऱ्याच्या पिशव्या उचलायची. चाळिशीची असेल, राहायची गुढियारीत. ठेकेदाराकडून आलेल्या बायांपैकी. इतकी वर्षं ती माझ्याशी फक्त 'हव दीदी', म्हणजे 'हो ताई', एवढंच बोलली होती. ती सामानाच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत येईना.

"काय झालं सुखमती?"

"दीदी, मोला घलो सुई गड़े रिहिस." मलाही सुई टोचली होती, ती छत्तीसगढीत म्हणाली.

"कब?"

"दू महीना होगे."

पिवळी पिशवी उचलताना तिच्या तळव्यात सुई घुसली होती. पिवळ्या पिशवीत सुई असायला नको होती. कोणीतरी, आमच्यातल्याच कोणीतरी, पांढऱ्या डब्यापर्यंत जायचा कंटाळा केला होता. मी तिला खिडकीशी बोलावलं. उजेडात तिचे डोळे पिवळे दिसले. पंधरा दिवसांपासून भूक नाही, अंगात त्राण नाही, लघवी गडद होते, असं म्हणाली. तिला वाटत होतं ऊन लागलं.

तपासणीत कावीळ बी निघाली. ती रक्तातून होते. त्याच सुईमुळं झाली का, हे सिद्ध करायला कोणी जाणार नव्हतं, पण मला शंका नव्हती. ती त्याच दिवशी आली असती तर लस आणि सोबतीचं इंजेक्शन देऊन बहुतेक टळली असती. आणि त्याआधीच लस मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. दवाखान्यातल्या साऱ्या नर्सा आणि डॉक्टरांना मी मागं लागून लागून लस दिली होती. ठेक्याच्या लोकांसाठी एकदा कागद वर पाठवला होता. 'ठेकेदाराने पाहावे' असा शेरा येऊन तो परत आला आणि मी तो फाईलला लावला. नीट, भोकं पाडून, दोरीत ओवून. त्या फाईलकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

ती जमिनीकडे पाहून म्हणाली, "तुंहर डर म नइ बताएंव, दीदी."

तुमच्या भीतीनं सांगितलं नाही. रिंकी जे नुसतं डोळ्यांनी बोलली होती ते हिनं तोंडानं सांगितलं.

तिची सुट्टी सुरू झाली. मोठ्या माणसांत ही कावीळ बहुतेकांची आपोआप जाते, पण काहींच्या अंगात जन्मभर राहते आणि लिव्हर पोखरते. कोणत्या बाजूला जाणार ते कळायला सहा महिने लागतात. पंधरा दिवसांनी मी तिला पाहायला गेले. स्कूटरवर यजमान सोडायला आले होते, ते दारातून परत जायला तयार नव्हते. "मी बी भेटतो," म्हणाले.

दोन खोल्यांचं घर. नवरा मालधक्क्यावर हमाली करणारा, तो कामावर गेला होता. सासू होती. सुखमती कोपऱ्यात बसलेली, आणि तिच्या शेजारी एक वेगळी थाळी, वेगळा लोटा. ओळखू यावी म्हणून थाळीच्या कडेला लाल दोरा बांधलेला. सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. दवाखान्यातून रोग आणला, तो घरात पसरू नये म्हणून त्यांच्या परीनं त्या माझंच काम करत होत्या.

मी त्यांना सांगितलं की हा रोग जेवणातून, थाळीतून, लोट्यातून होत नाही. रक्तातून होतो. नवऱ्याला, मुलांना लस द्यावी लागेल, ती मी देते. त्या 'हव, हव' करत होत्या, पण त्यांची नजर त्या दोऱ्यावरून हटत नव्हती. तेव्हा मी विचारलं, "घरात खायला काय आहे?"

बासी होती. रात्रीचा भात पाण्यात ठेवलेला, सोबत कांदा आणि चटणी. मी सुखमतीची ती थाळी ओढली आणि म्हटलं, "यातच वाढा."

सासूबाई थबकल्या. सुखमती म्हणाली, "झन खाव, दीदी." नका खाऊ.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "अम्मा, परोस दो. ये औरत तीस साल में मेरी थाली से एक कौर नहीं खाई. आज मौका है, मुझे देखने दो."

सासूबाईंना हसू आलं. त्यांनी भात वाढला. मी खाल्ला, सगळा, चाटूनपुसून. मळमळ आणणाऱ्या गोळ्या चालू असताना एवढं जेवण मला त्या महिन्यात पहिल्यांदाच गेलं. यजमान म्हणाले, "आता मलाही द्या," आणि त्यांनीही त्याच थाळीत घेतलं. निघताना मी मागं वळून पाहिलं तर सासूबाई तो दोरा नखानं सोडवत होत्या.

पुढचे महिने आम्ही दोघी रक्त द्यायला एकाच बाकावर बसायचो. माझी तपासणी वेगळी, तिची वेगळी, पण रिपोर्टची वाट पाहणं सारखंच. ती मला विचारायची, "डर लागत हे?" मी 'नाही' म्हणायचे. ती म्हणायची, "मोला लागत हे," आणि पदरातून फुटाणे काढून द्यायची. बाकावर बसून न धुतलेल्या हातानं फुटाणे खायला मी तिथंच शिकले, हे रिंकीला कळू देऊ नका.

त्याच काळात मी अधीक्षकांच्या खोलीत रोज अकरा वाजता जाऊन बसू लागले. ठेक्याच्या सगळ्या लोकांना लस पाहिजे, आणि पिशव्या उचलायला जाड हातमोजे पाहिजेत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ठेकेदार का मामला है. तिसऱ्या दिवशी म्हणाले, देखते हैं. नंतर नंतर मी दिसले की ते फोन कानाला लावायचे. मी फोन संपेपर्यंत बसायचे. एकदा रजिस्टर समोर घेऊन म्हणाले, "सिस्टर, आपका तो खाली रहता था. अब इतने नाम! लापरवाही बढ़ गई है क्या?"

मी म्हटलं, "नहीं सर. पहले लोग मुझसे छुपाते थे."

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि बराच वेळ पेन शोधत राहिले. त्याच आठवड्यात लशीचा कागद निघाला.

माझी तीन महिन्यांची तपासणी निर्दोष आली. मी घरी फोन केला, यजमान म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. घरी गेले तर त्यांनी शेजारपाजारी पेढे वाटून टाकले होते, कशाचे ते कोणाला न सांगता. सुखमतीच्या रिपोर्टला आणखी वेळ लागला. सहा महिन्यांनी डॉक्टर तिवारींनी तिचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "निकल गया. साफ है." तिनं मला विचारलं, साफ म्हणजे काय. मी सांगितलं. ती तिथंच बाकावर बसून रडली, आणि मीही.

ती कामावर परत आली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. अंगात निळा एप्रन, हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे. एका सकाळी राउंडची गर्दी होती. मी एक औषधाची काचेची कुपी फोडली, इंजेक्शन भरलं, आणि फुटकी कुपी हाताशी जी पिशवी होती तिच्यात टाकली. पिशवी पिवळी होती.

"ये काँच कोन डारिस?"

आवाज इतका मोठा होता की राउंडवरचे डॉक्टर थांबले. सुखमती पिशवीपाशी उभी होती.

"मैंने," मी म्हटलं.

रिंकी औषधाची ट्रॉली धरून जागीच उभी. काचेसाठी निळा डबा चार पावलांवर होता, तो सगळ्यांना दिसत होता.

सुखमतीनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी दिसले होते, नीट दिसले होते, तरी तिचा आवाज खाली आला नाही.

"निकालव," ती म्हणाली. "चिमटा से निकालव. हाथ झन लगावव."

मी चिमटा घेतला आणि खाली वाकले. ती शेवटचा तुकडा निघेपर्यंत माझ्या डोक्याशी उभी राहिली.